नदी आणि तिच्या गाळाबद्दल लोकांना गोष्टीतून कसं सांगावं?

गोष्ट नदीची नको, एका वाळूच्या कणाची सांगा. डोंगरातला खडक फुटतो, पुरात दगड गडगडत खाली येतात, घासून गुळगुळीत होतात, आणि कण कधी उड्या मारत तर कधी वर्षानुवर्षं एखाद्या वळणावर पडून राहत समुद्राकडे सरकतो. ‘गाळ म्हणजे घाण’ हा समज इथेच गळून पडायला लागतो.

मग वाटेत धरण आणा. खरं उदाहरण द्या, ते जास्त भिडतं. नाईलवरचं आस्वान उंच धरण 1970 मध्ये पूर्ण झालं आणि शेतांना सुपीक करणारा बहुतेक सगळा गाळ जलाशयात अडकला. खाली त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला. उलट अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 दरम्यान काढली, तेव्हा साठलेला गाळ सुटला आणि मुखाशी पुन्हा वाळूचा किनारा तयार झाला.

सांगताना समोर काचेची बरणी ठेवा. त्यात नदीकाठची माती आणि पाणी घालून जोरात हलवा. वाळू लगेच तळाशी बसते, बारीक गाळाला वेळ लागतो, चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं. मुलं हे बघताना हमखास गप्प होतात!

एक मात्र लपवू नका: शिसं, पारा यांसारखे विषारी जड धातू याच बारीक कणांना चिकटतात, त्यामुळे कारखान्यांच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला साठलेला गाळ विषारीही असू शकतो. तोही गोष्टीत यायलाच हवा.