उन्हाळ्यात इंटिरियर डिझायनरने गावचे-सोसायटीचे कार्यक्रम आणि फिरणं यात वेळ घालवावा, की सरळ क्लायंट शोधावेत?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमा करून स्वतःचं काम सुरू केलंय, एप्रिल-मे आला की सुतार गावाला जातात, साईट रेंगाळतात, आणि घरचे म्हणतात की सोसायटीच्या कार्यक्रमांची कामं आणि फिरणं हा वेळ वाया घालवणं आहे, त्यापेक्षा क्लायंट गाठ. अशा कामांतून नवीन कामं मिळतात का आणि पोर्टफोलिओत ती धरतात का, हेही विचारलंय. माझं मत विचाराल तर तिन्ही करा. पण ते "वेळ वाया" मी माझ्याच घरात इतकी वर्षं ऐकलंय की या प्रश्नावर न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही.

आधी धंद्यापुरतं सांगते. उन्हाळा रिकामा असतो हेच मला मान्य नाही. लोकांना अक्षय तृतीयेला गृहप्रवेश हवा असतो, नाहीतर जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मुलांची खोली हवी असते, आणि बरोबर त्याच वेळी राजस्थानचे सुतार आखातीजच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या अक्षय तृतीयेच्या, लग्नांसाठी गावी जातात. हे दरवर्षी होतं, त्यात नवीन काही नाही, मग वेळापत्रकच तसं लावायचं. तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, टेरेस-बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, पुट्टी हे सगळं मेमध्ये उरकायचं कारण वाळतं छान, आणि फर्निचरची मापं त्यानंतर. क्लायंटला मार्चमध्येच हे लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता मूळ मुद्दा. मी काम करते कोल्हापुरात, माहेर कुडाळ तालुक्यातलं एक लहान गाव. वाडीच्या देवळाचा सभामंडप जुना, फणसाचे खांब, किंजळाचे वासे, वर मंगळुरी कौलं, खाली लाल कोबा, म्हणजे थापीने घोटून केलेली सिमेंटची सलग जमीन, आणि तो कोबा पार उखडलेला. काही वर्षांपूर्वी मे उजाडताना चाकरमानी आले तेव्हा मंडपात बैठक झाली. माझा चुलतभाऊ, आम्ही सगळे दादा म्हणतो, डोंबिवलीला असतो, मुंबईच्या मंडळाची वर्गणी तोच आणतो. तो कोटेशन घेऊनच आला होता: कौलं काढून स्लॅब, खाली चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल, खांबांना ग्रॅनाईट, आत पीओपीचं सीलिंग आणि त्यात रंगीत लाईट. सगळे खूश, कारण फोटोत छान दिसत होतं.

मी त्याच एप्रिलमध्ये तमिळनाडूत कारैकुडीला जाऊन आले होते. कोल्हापूरच्या एका क्लायंटला देवघरात तिथल्या आथंगुडी गावच्या हाताने केलेल्या नक्षीच्या फरश्या हव्या होत्या आणि नुसते फोटो बघून मी कुठलाच माल मागवत नाही, तो बनतो कसा ते बघितल्याशिवाय तर नाहीच. तिथे काचेच्या तुकड्यावर लोखंडी साचा ठेवतात, त्यातल्या नक्षीच्या खणांत हाताने रंग ओततात, साचा उचलून वर सिमेंट-वाळूचा थर, मग फरशी पाण्यात मुरवायची, आणि शेवटी काच सुटते तेव्हा खालचा पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत निघतो. भट्टी लागत नाही, पॉलिशचं मशीन लागत नाही. वापरून वापरून ती जास्त चमकायला लागते. चेट्टियारांच्या, म्हणजे तिथल्या व्यापारी समाजाच्या, जुन्या वाड्यांत या फरश्या आहेतच, पण मी जास्त वेळ थांबले ती लाल ऑक्साईडच्या कोब्यावर, ओसरीतला कोबा, इतका वापरलेला आणि तरी अखंड. तो केलेला कसा, पट्ट्या कुठे टाकल्यात, एकेक भाग केवढा ठेवलाय, ते मी वहीत काढून आणलं.

तर बैठकीत मी उभी राहिले आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू फिराक गेल्लंस क्लायंटच्या पैशान, आता हय येवन आमका शिकयतंस?" तिकीट माझ्या पैशाचं होतं, पण ते राहू द्या. वाईट याचं वाटलं की माझं बघणं हे काम आहे हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. त्याच्या लेखी स्लॅब टाकणारा काम करतो आणि मी मजा करते.

मी तेव्हा जे बोलले ते इथे मुद्दाम लिहिते, कारण असं कुठल्याही गावात होऊ शकतं. स्लॅब: सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे स्लॅब गळायला लागला की त्यावर पत्रा चढतो, कुठल्याही गावात मान वर करून बघा. मग स्लॅबचे पैसे कशाला? उताराचं कौलारू छप्पर याच पावसासाठी आहे, बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे हीच कौलं अख्ख्या किनाऱ्यावर पसरली ती काही उगाच नाही. फुटलेलं कौल एकटं बदलता येतं, स्लॅबचा एक तुकडा बदलता येत नाही. पीओपी: सीलिंग खाली आलं की तरंग, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, आत कसे आणणार? तरंगकाठ्यांची उंची मुंबईच्या कोटेशनवाल्याने मोजलीच नव्हती, त्याला तरंग म्हणजे काय तेच माहीत नसणार, त्याचा दोष नाही, पण आपल्याला तर माहीत आहे ना! हा मुद्दा मात्र मानकऱ्यांना लगेच पटला. आणि दशावतार मंडपात होतं, त्याला एक बाकडं आणि मधली मोकळी जागा लागते, खांबांना ग्रॅनाईट लावून ते जाड केले की बाजूला बसलेल्या बायकांना निम्मं नाटक दिसत नाही. व्हिट्रिफाईड टाईल: तिन्ही बाजूंनी उघडा मंडप, पावसात ओले पाय, बहुतेक माणसं साठीच्या पुढची. बाकी काय सांगू.

पण नुसतं "हे नको" म्हणून चालत नाही. त्याच रात्री मी ओसरीवर बसून ड्रॉइंग काढलं. कारैकुडीच्या फरश्या मी सुचवल्या नाहीत, त्या कोकणात आणायच्या म्हणजे वजन आणि वाटेत फूटतूट, आणि मुळात गरजच नव्हती, आपल्याकडे कोबा होताच. तिकडून मी आणली ती पद्धत. मंडपाचे लहान चौकोन पाडून मध्ये पट्ट्या, म्हणजे तडा गेला तरी त्या चौकोनापुरता. कडेला, जिथे पावसाची झड येते तिथे गुळगुळीत कोबा अजिबात नाही, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) खडबडीत फरशी, कारण थापीने घोटलेला कोबा ओला झाला की तोही सरकतो. खांबांचे बुंधे वाळवीने खाल्लेले, तेवढाच भाग कापून खाली काळ्या दगडाची बैठक. खांब बदलायचे नाहीत.

कोबा करणारा माणूस गावातच होता. त्यांना सगळे गवंडीकाका म्हणतात, वय झालेलं, मुलगा टाईल बसवतो, आणि कोब्याचं काम कोणी देत नाही म्हणून त्यांनी थापी ठेवून दिलेली. मी त्यांना वही दाखवली तर म्हणाले हे आम्ही पूर्वी करायचो, फक्त पट्ट्या काचेच्या असायच्या. मग देवाला गाऱ्हाणं घालून काम सुरू झालं. मिरगाच्या, म्हणजे मृगाच्या पावसाच्या, आधी कौलं चढली पाहिजेत म्हणून वाडीतली पोरं, चाकरमान्यांची पोरं, सगळी रांग लावून कौलं उतरवायला उभी होती, एकेक कौल ब्रशने घासून, फुटकी बाजूला. मुंबईत वाढलेल्या मुलांना मी तेव्हा वासा कुठला, त्यावरची कौलं पेलणारी रीप कुठली ते शिकवलं. खाली कोबा पाण्याखाली मुरत होता आणि काका दिवसातून चार वेळा येऊन बांधातलं पाणी बघत होते, एकदा रात्रीसुद्धा बॅटरी घेऊन आले. कार्यक्रमाची सजावट म्हणजे फुगे आणि थर्माकोल असं समजणाऱ्यांना हे बघायला बोलवावं.

सगळं माझ्या मनासारखं झालं नाही. पायऱ्यांना दादाच्या हट्टाने पॉलिशचं ग्रॅनाईट बसलंच आणि पावसात तिथे गोणपाट अंथरावं लागतं. पण छप्पर राहिलं, खांब राहिले, पुढच्या जानेवारीत वर्धापनदिनाला दशावतार झालं तेव्हा मंडप भरला होता आणि मागच्यांनाही दिसत होतं.

तुमच्या प्रश्नातलं "नवीन कामं मिळतात का" याचं उत्तर यात आलंच. गावातल्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याने तो कोबा बघून त्यांचं जुनं घर माझ्याकडे दिलं, दोन खोल्यांचा होमस्टे करायचा होता, त्यांच्याकडून पुढे सावंतवाडीचं एक काम आलं. त्या होमस्टेसाठी मी सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी लाखकाम बघत फिरले, पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं, बघितल्या (परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ते पिंगुळीचेच), गोव्यात तोर्ड्याला जेरार्द द कुन्हा यांनी उभं केलेलं गोव्याच्या घरांचं म्युझियम आहे तेही बघून आले, शिंपल्याच्या खिडक्यांतून उजेड कसा गाळून आत येतो त्यावर मी आजही काम करतेय. एप्रिलमध्ये लोक मिलानच्या फर्निचर मेळ्याला जातात, ऐपत असेल तर जरूर जावं. पण ज्याने कुडाळचा कोबा बघितला नाही त्याने आधी मिलानला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून माझी बऱ्याच जणांशी भांडणं झालीत.

आता पैशाचं. माझं आणि दादाचं खरं भांडण इथे आहे. ड्रॉइंगचे पैसे मी मागितले नव्हते, फक्त म्हटलं होतं की माझ्या फीचं बिल करते आणि तेवढ्या रकमेची देणगीची पावती द्या. दादा म्हणाला, "देवाचा काम आसा, तेचे कसले पैशे?" मग सिमेंटवाल्याला पैसे दिले ते कसले होते? मंडपात देणगीदारांचा संगमरवरी फलक लागला, त्यावर रोख देणाऱ्यांची नावं रकमेसकट सोनेरी अक्षरात, माझं नाही, ते सोडून देते, पण गवंडीकाकांनी अर्ध्या मजुरीत काम केलं त्यांचंही नाही. अर्धी मजुरी सोडणं ही देणगी नाही तर काय आहे? म्हणून तुम्हाला सांगते, सोसायटीचं असो, गणपतीचं असो, देवळाचं असो, बिल करा. पूर्ण रकमेचं, कामाचे तास, साईटच्या फेऱ्या सगळं लिहून, आणि खाली "देणगी म्हणून माफ" असं लिहून सही घ्या. काम फुकट करा हवं तर, पण त्याची किंमत कागदावर दिसली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी तेच लोक हक्काने बोलावतात आणि घरचं किचन मात्र दुसऱ्याकडून करून घेतात. पोर्टफोलिओत असं काम धरतात का विचारलंत, तर धरतात, मोजमापाची ड्रॉइंग आणि आधीचे-नंतरचे फोटो असतील तर. नुसते उद्घाटनाचे फोटो कोणी बघत नाही.

एकदोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. जुन्या लाकडी छपराला हात लावताना स्ट्रक्चरल इंजिनिअर बरोबर हवाच, आम्हीही बोलावला होता, भार आपण डिझायनरने ठरवायचा नसतो. जुन्या दगडी देवळावरचा ऑईलपेंट काढायला कोणी वाळूचा मारा सुचवला तर थांबवा, दगडाची वरची कातडीच जाते. आणि तुमच्या डोक्यावर ऑफिसचं भाडं किंवा कर्जाचे हप्ते असतील तर आधी दोन पगारी साईट हातात ठेवा, मग गावाला जा. मला घरून आधार होता, सगळ्यांना नसतो, हे मला कळतं.

दादा, तूही इथे वाचतोस ते मला माहीत आहे. फलकावर शेवटच्या नावाखाली चांगली हातभर जागा मोकळी आहे. गवंडीकाकांचं नाव आणि समोर "अर्धी मजुरी" एवढंच कोरायचं, कोरणाऱ्याचे पैसे मी देते, या मे महिन्यात येशील तेव्हा करून टाकू.