ताम्पेरेला जाण्याआधी फिनलंडबद्दल काय माहीत असावं?

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये ताम्पेरेला शिकायला जाताय, फिनिशचे पहिले धडे सुरू आहेत, तर तिथल्या रीतीभातींपैकी आधी काय समजून घ्यावं. मी सात वर्षं ताम्पेरेतच राहते. माझं स्पष्ट मत आहे की सणांची यादी पाठ करण्याआधी साउना, म्हणजे तिथलं वाफेचं स्नानघर, समजून घ्या. भाषाही तिथेच जास्त कळते.

आपण 'सॉना' म्हणतो, तिथे मात्र 'साउना' म्हणा. ५५ लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या देशात सुमारे ३० लाख साउना आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेची वारसा म्हणून नोंद केली. तापलेल्या दगडांच्या भट्टीला 'किउआस' म्हणतात आणि त्यावर पाणी टाकलं की उठणाऱ्या वाफेला 'लॉयल्यू'. या शब्दाचा जुना अर्थ श्वास, प्राण. हंगेरियन भाषेत आत्म्यासाठी जो शब्द आहे, तो याचाच भाऊबंद. पूर्वी बाळंतपणं साउनात होत, मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळही तिथेच घालत. म्हणून तर चर्चमध्ये वागावं तसं साउनात वागावं, अशी म्हण आहे.

पिस्पाला भागातल्या रायापोर्त्ती साउनात जरूर जा. १९०६ पासूनचा हा साउना देशातला चालू असलेला सर्वात जुना सार्वजनिक साउना आहे. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. आधी अंग धुवायचं, कपड्यांशिवाय बसायचं, बुडाखाली छोटा पंचा घ्यायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या आजींनी पाण्याचं ओगराळं हातात घेतलं आणि सगळ्यांकडे बघत विचारलं, "हेइतेतॅन्को?" टाकायचं का? कोण टाकणार, कोणासाठी, काही नाही. 'टाकायचं का', 'जायचं का' हे आपण जसं बोलतो, अगदी तसंच. पुस्तकात हे रूप कर्मणी प्रयोग म्हणून फार उशिरा येतं, पण लोकांच्या तोंडी ते दिवसभर असतं. त्या दिवसापासून मला ते व्याकरण वाटलंच नाही.

मराठी माणसाला फिनिश वाटते तितकी परकी नाही. 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून. प्रत्यय शब्दाला चिकटतो. 'माझ्याकडे आहे' हेही 'मिनुल्ला ओन' असंच. 'कृपया'ला नेमका शब्द नाही, त्याची गरजही पडत नाही. कॅफेत "साइसिन्को काह्विन?" म्हणा, म्हणजे 'मला एक कॉफी मिळेल का?' सगळा आदर त्या क्रियापदातच आला. प्राध्यापकांना मात्र नावाने हाक मारायची आणि 'तू'च म्हणायचं. जीभ अडखळेल, पण तिथे तो उद्धटपणा नाही.

दुसरा शब्द 'ताल्कोत', म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं काम. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच. वसंतात आमच्या इमारतीच्या दारावर चिठ्ठी लागते, ठरल्या दिवशी सगळे दाताळी घेऊन अंगणातली पानं गोळा करतात, मग भाजलेलं सॉसेज आणि कॉफी. सात वर्षांत शेजाऱ्यांशी माझी खरी ओळख तिथेच झाली. एरवी लिफ्टमध्ये ते गप्प असतात. ती शांतता रागाची नसते, समोरच्याला दिलेली मोकळीक असते.

सणांचं थोडक्यात. १ मेच्या वाप्पूला 'तिप्पालेइपॅ' खातात, बिनपाकाची, पिठीसाखर भुरभुरलेली जिलेबीच. जूनच्या युहान्नुसला, म्हणजे उन्हाळ्याच्या मध्यावरच्या सणाला, शहर ओस पडतं, सगळे तळ्याकाठच्या घरी. ६ डिसेंबर हा स्वातंत्र्यदिन. त्या संध्याकाळी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. पण २४ डिसेंबरला संध्याकाळी कालेवान्कांगासच्या दफनभूमीत चक्कर माराच. घरोघरची माणसं मुलांना घेऊन येतात, बर्फ हाताने बाजूला सारून आपल्या माणसाच्या थडग्यावर दिवा ठेवतात. कोणी मोठ्याने बोलत नाही. नजर जाईल तिथवर बर्फात दिवे.

तुम्ही ऑगस्टमध्ये येताय, म्हणजे रानातली 'मुस्तिक्का' अजून मिळेल. आपण ब्लूबेरी म्हणतो, तिचीच ही रानटी बहीण. जंगल कोणाच्या का मालकीचं असेना, ती तोडायला परवानगी लागत नाही. फक्त घरांच्या अंगणापासून लांब राहायचं. एक छोटी बादली घ्या आणि जा. सप्टेंबरमध्ये 'पुओलुक्का' येते, लाल आणि आंबट.