फॅमिली कोर्टातल्या जजचा पगार वाढला तर आपल्या खिशातून किती जातं?

मागच्या खेपेला जिल्हा कोर्टातल्या पगारवाढीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इंदूरच्या वाचकांचे इतके प्रश्न आले की सगळा लेख त्यांनाच द्यायचं ठरवलं. मी ट्रेझरीत पगाराची बिलं पास करण्यात नोकरी घालवली, त्यामुळे हिशोबाची बाजू माझ्या हातची आहे. कोर्टाची बाजू नात्यागोत्यातल्या केसेसमुळे बसून बघितली आहे.

तिलकनगरच्या एक ताई विचारतात : माझ्या मुलीला पेशीवर पेशी, म्हणजे कोर्टाची तारखेवर तारीख मिळतेय, पोटगीचा निकाल नाही, आणि जजचा पगार म्हणे पावणेतीन पट झाला. हे आमच्याच टॅक्समधून ना?

हो ताई, टॅक्समधूनच. फॅमिली कोर्ट ॲक्ट १९८४ चा आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की या जजचा पगार राज्य सरकार हायकोर्टाशी सल्लामसलत करून ठरवेल, म्हणजे बोजा भोपाळच्या तिजोरीवर. पण पावणेतीन पट हा आकडा दिसतो तसा नाहीये. फॅमिली कोर्टात बसतो तो जिल्हा जजच, आणि त्याचं सुरुवातीचं बेसिक ५१,५५० होतं ते १,४४,८४० झालं, कागदावर २.८१ पट. पण ही वाढ १ जानेवारी २०१६ पासूनची आहे आणि तेव्हा जुन्या बेसिकवर १२५ टक्के महागाई भत्ता होता, तो धरला तर जुना पगारच १,१५,९८७ च्या घरात जातो. मग खरी वाढ उरते महिन्याला २८,८५० रुपये, म्हणजे साधारण २५ टक्के. भत्ता नव्या बेसिकमध्ये विरघळवला की आकडा एकदम मोठा दिसतो, हे दर वेतन आयोगाच्या वेळी होतं, आणि दर वेळी लोक घाबरतात.

आता माणशी हिशोब. फॅमिली कोर्टाची पाच पदं आहेत असं हिशोबापुरतं धरू. एका पदामागे वर्षाला जवळपास साडेतीन लाख, पाचांचे सव्वासतरा-साडेसतरा लाख. इंदूर शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत २० लाखांच्या आसपास होती, म्हणजे माणशी वर्षाला एक रुपयाही पडत नाही. पेन्शन, भत्ते घातले तर आकडा वाढेल, वाढू द्या, तरी तो तुमच्या मुलीच्या एका पेशीच्या खर्चाजवळ पोचत नाही. रिक्षा, वकिलाची फी, बुडालेली हजेरी, सोबत आलेल्या भावाची सुट्टी, हे सगळं कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही पण जातं लोकांच्याच खिशातून.

सुदामानगरचे एक वाचक : मग या पगारवाढीला पैसे नाहीत असं राज्य सरकारं सुप्रीम कोर्टात का सांगत होती?

कारण थकबाकी. जिल्हा कोर्टांतल्या जजांच्या पगारासाठीचा दुसरा न्यायिक वेतन आयोग, न्यायमूर्ती पी. वेंकटरामा रेड्डींचा, २०१७ साली नेमला, रिपोर्ट आला २०२० मध्ये, सुप्रीम कोर्टाने पगाराचा भाग मान्य केला २७ जुलै २०२२ ला, आणि लागू मात्र २०१६ पासून! साडेसहा वर्षांचा फरक एकदम अंगावर आला. कोर्टाने हप्ते पाडून दिले, २५ टक्के तीन महिन्यांत, पुढचे २५ टक्के त्यानंतरच्या तीन महिन्यांत आणि राहिलेले ५० टक्के ३० जून २०२३ पर्यंत. त्या वर्षाचं बजेट बघितलं तर आकडा भयंकर वाटणारच, पण त्यातला मोठा भाग एकदाच द्यायचा होता. पैशांची ओढाताण हे कारण सुप्रीम कोर्टाने ऐकलं नाही, आणि मला ते पटतं, वेळच्या वेळी पगार सुधारला असता तर ही रक्कम साचलीच नसती. ट्रेझरीत आम्ही हे कायम बघायचो, उशिरा दिलेला पैसा सरकारला जास्त टोचतो.

आणखी एक गोष्ट. फक्त फॅमिली कोर्टाचा पगार वाढवा असं करता येत नाही, निदान आपल्या एमपीत तरी. आज जो फॅमिली कोर्टात बसलाय तो उद्या बदली होऊन सेशन्स कोर्टात फौजदारी खटले चालवायला जातो, केडर म्हणजे नोकरीचा गट एकच. त्यामुळे वाढ द्यायची तर सगळ्यांना, आणि देशभरात जिल्हा कोर्टांची मंजूर पदंच २५ हजारांच्या आसपास आहेत. खरं बिल ते.

एक तरुण वाचक, राजेंद्रनगर : निकाल जास्त दिले तर पगार जास्त, असं का करत नाहीत?

नको. अगदी मनापासून सांगतो, नको. निकालांची मोजणी आत्ताही होते, युनिट म्हणजे कामाचे गुण मोजतात, जजवर त्याचं प्रेशर असतंच. त्यावर पैसा लावला तर काय होईल याचा विचार करा. फॅमिली कोर्ट ॲक्टच्या कलम ९ मध्ये जजने आधी समेटासाठी प्रयत्न करायचे आहेत. घाबरलेल्या बाईला 'करून टाका समझोता' म्हणणं दहा मिनिटांचं काम आहे, तिचं नीट ऐकून घेणं दोन तासांचं. पैसा कुठल्या बाजूला ओढेल?

एक फाइल सांगतो, नावगाव सोडून. नवऱ्याने पगाराची स्लिप दिली, हातात येणारी रक्कम बघून वाटावं याच्याकडे बायकोला द्यायला काहीच नाही. जजबाईंनी बँकेचं स्टेटमेंट मागवलं आणि एकेक ओळ वाचली, तेव्हा दिसलं की नोटीस पोचल्यानंतर दोनच महिन्यांत दोन कर्जं काढलीत, हप्ते पगारातून कापले जातायत, आणि कर्जाचा पैसा भावाच्या खात्यात गेलाय. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी ठरली ती हप्ते कापायच्या आधीच्या पगारावर. हे वाचायला अनुभव लागतो आणि निवांत वेळ लागतो. त्यात फॅमिली कोर्टात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कलम १३, म्हणजे पुष्कळदा समोर एकटी बाई उभी आणि तिच्याकडून कामाची माहिती जजनेच काढून घ्यायची. अशा कामाला चांगली माणसं हवीत तर पगार चांगला द्यावा लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

स्नेहलतागंजच्या निवृत्त शिक्षिका : पगारापेक्षा कौन्सेलरवर खर्च केला तर?

बाई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पगार पण हवा आणि हे पण हवं, पण आधी काय असं विचाराल तर मी स्टाफ म्हणेन. कलम ६ मध्ये कौन्सेलर नेमायची सोय १९८४ पासून आहे, तरी बऱ्याच ठिकाणी ते मानधनावर येतात, आज हे तर उद्या दुसरे, आणि जोडप्याला तीच कहाणी नव्याने सांगावी लागते. मुलाचा ताबा ठरवायचा असेल तर मुलाशी बोलणारा माणूस दर वेळी बदलून कसं चालेल? स्टेनोचं तसंच. स्टेनो रजेवर गेला, बदली माणूस नाही, की ऑर्डर डिक्टेट व्हायची राहते आणि पुढची पेशी पडते. जजला लाख-दीड लाख द्यायचे आणि पंचवीस-तीस हजारांच्या माणसासाठी त्याला थांबवून ठेवायचं, हा खर्चाचा शुद्ध अपव्यय आहे.

आणि जजच कमी आहेत हो. लॉ कमिशनने १९८७ मध्येच दहा लाख लोकांमागे ५० जज हवेत असं सांगितलं, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये तेच पाच वर्षांत करा म्हटलं, आज मंजूर पदं धरली तरी आपण २१ च्या आसपास आहोत. हिंदू विवाह कायद्यात नोटिशीपासून सहा महिन्यांत केस संपवायचा प्रयत्न करा असं लिहिलंय, अंतरिम पोटगीच्या अर्जाला ६० दिवस. इतक्या कमी माणसांत ते कसं जमणार?

एक व्यापारी बंधू : कोर्ट फी वाढवून हा खर्च वसूल करावा.

नाही पटत. फॅमिली कोर्टात पोटगी मागायला येते तिच्याकडे पैसे नाहीत म्हणूनच ती येते.

तिलकनगरच्या ताईंचा दुसरा प्रश्न : आम्ही आता काय करायचं? वकील बदलायचे पैसे नाहीत.

१९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात मुलीला घेऊन जा, किंवा आधी १५१०० वर फोन करा. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा केसमध्ये ठरवून दिलंय की दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज याचं शपथपत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. तेव्हा मुलीचं शपथपत्र लागलंय का ते फाइलमध्ये बघा, जावयाचं लागलं नसेल तर पुढच्या पेशीला तेवढा एकच मुद्दा लेखी द्या, आणि अर्ज दिल्याची पोचपावती सांभाळून ठेवा, थकलेल्या महिन्यांचा हिशोब त्या तारखेपासून होणार आहे.