लॉकडाउनमध्ये घरच्या घरी, फोनवर कॉलेजची शॉर्टफिल्म कशी करता येईल?

पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, घरातले दोन-तीन फोन, कलाकार म्हणून आई-बाबा आणि पाच मिनिटांची फिल्म, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात आरामात होते. तुम्हाला काळजी कॅमेऱ्याची आहे, पण घरी केलेल्या फिल्मा बहुतेक आवाजावर मार खातात.

म्हणून संहितेला हात लावण्याआधी एक दिवस घर नुसतं ऐका. कुकरच्या शिट्ट्या, सोसायटीचा पाण्याचा पंप, शेजारच्यांच्या संध्याकाळच्या मालिका यांच्या वेळा कागदावर लिहा. उरतील त्या वेळा शूटिंगच्या. मग संहिता साडेचार पानांच्या आत. आई-बाबांखेरीज आणखी पात्र हवंच असेल तर ते फोनवरच्या आवाजात आणा. मित्राने त्याच्या घरी संवाद रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. व्हॉइस नोट नको, ती दाबली जाते आणि आवाजाचा दर्जा उतरतो.

शूट करणाऱ्या फोनचा माइक दोन मीटरवरून माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. आवाजासाठी दुसरा फोन घ्या. एअरप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डिंग ॲपमध्ये वेव्ह (आवाज न दाबणारा) फॉरमॅट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि तो बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, फ्रेमच्या जरा बाहेर किंवा एखाद्या भांड्यामागे लपवा. टेक सुरू झाला की दोन्ही फोनसमोर एक टाळी. एडिटला हीच टाळी जुळवायची. खोली घुमत असेल तर जमिनीवर एक गोधडी, आणि कॅमेऱ्यामागे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दुसरी. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज पुन्हा लावायचा राहू नये म्हणून शूटिंगवाले गाडीची किल्ली त्यात ठेवतात. लॉकडाउनमध्ये गाडी निघतच नाही, तेव्हा टीव्हीचा रिमोट ठेवा. कुणीतरी शोधत येईलच.

एप्रिलमध्ये पंखा बंद म्हणजे घाम. एका शॉटला कपाळ कोरडं आणि पुढच्याला चमकतंय, हे पडद्यावर लगेच दिसतं. दर टेकआधी चेहरा टिपा आणि टेक मिनिटभराचेच घ्या. प्रत्येक जागेवर तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, कटचे सांधे त्यानेच झाकतात. कोकीळ तर टेकच्या मध्येच ओरडणार. बाल्कनीतून तिचा दोन मिनिटं वेगळा आवाज घेऊन सगळ्या सीनखाली पसरवा, म्हणजे ती मुद्दाम घेतल्यासारखी वाटते.

उजेडाकडे या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फोन मात्र आपल्या मनाने सेकंदाला ३० फ्रेम आणि कुठलाही शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड आत घ्यायचा वेळ) धरतो, आणि चित्रावर काळे पट्टे सरकायला लागतात. ओपन कॅमेरासारखं फुकट ॲप घ्या. फोन देत असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा), एक्स्पोजर (उजेडाची पातळी) लॉक करा. एवढं हाताने करता येत नसेल तर दिवे बंद करून फक्त खिडकीच्या उजेडात शूट करा. तसंही ट्यूब आणि खिडकी एकत्र आली की अर्धा चेहरा वेगळ्याच रंगाचा दिसतो. खिडकीला जुनं पांढरं धोतर लावा, चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची शीट उभी करा. उत्तरेची खिडकी सगळ्यात बरी, मात्र एप्रिलमध्ये तिच्यातूनही भल्या सकाळी आणि उतरत्या दुपारी तिरपं ऊन येतं.

ट्रायपॉड नसेल तर डब्यांच्या उतरंडीवर दोन किलो तांदळाची कापडी पिशवी ठेवा आणि फोन तिच्यात रुतवा. सेल्फी कॅमेरा वापरू नका. फोन तोंडाजवळ नेलात तर नाक मोठं दिसतं. दीड मीटर मागेच रहा.

आईला पाठांतर देऊ नका, हाताला काम द्या. समजा ती मेथी निवडतेय. मग प्रत्येक शॉटनंतर ताटाचा फोटो काढा, कारण निवडलेल्या पानांचा ढीग क्लोजअपमध्ये मोठा आणि वाइडमध्ये (लांबून घेतलेल्या शॉटमध्ये) छोटा झाला तर आईचा अभिनय कितीही छान असला तरी लोक ताटच बघतात. वाइड आधी उरका, एक जुडी जास्तीची ठेवा.

एडिटसाठी दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. टाळी जुळूनही पुढे ओठ आणि आवाज सुटले, तर फोनने फ्रेमचा वेग कमी-जास्त केलेला असतो. फाइल आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेटवर (एकसारख्या वेगावर) काढून घ्या. हे एडिटच्या आधी. नंतर केलंत तर सगळे कट पुन्हा बसवावे लागतील. सिनेमातली गाणी वापरू नका.

श्रेयनामावली मराठीत टाकताना एकदा नीट वाचून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. तसं झालं तर नावं दुसरीकडे टाइप करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवा.