फुलदाणी चिनी की जपानी?

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या वेळेपासून घरात एक क्लॉयझोने फुलदाणी आहे, म्हणजे तांब्यावर तारा बसवून केलेलं मिनाकाम. तळाला शिक्का नाही. चिनी की जपानी कसं ओळखायचं? अजून एक-दोन घ्यायचीपण इच्छा आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, शिक्का नाही म्हणून नाराज होऊ नका, शिक्का उलट फसवतोच जास्त. पंधराव्या शतकातल्या जिंगताई बादशहाचा शिक्का नंतरच्या कितीतरी चिनी वस्तूंवर सर्रास मारलेला असतो. इंग्रजीत 'चायना' असेल तर सहसा १८९१ नंतरची समजा, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं ते तेव्हापासून.

आधी फुलापानांच्या मागची जागा बघा. चिनी कामात ती बहुतेक वेळा बारीक वेलबुट्टीने किंवा ढगांच्या नक्षीने भरलेली असते, ते नुसतं शोभेसाठी नाही, मोठ्या मोकळ्या जागेत मिना नीट धरत नाही, तारा त्याला पकडून ठेवतात. जपान्यांनी हे कोडं सोडवलं! क्योटोच्या नामिकावा यासुयुकी यांनी वागनर या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या मदतीने आरशासारखा गुळगुळीत काळा मिना तयार केला आणि त्यावर एखादीच फांदी, एखादाच पक्षी, बाकी सगळं मोकळं. माझ्या मते या कलेत याहून सुंदर काही झालेलं नाही. पण सुरुवातीचं जपानी कामही गच्च भरलेलं आणि मळकट रंगांचं असायचं, त्यामुळे एवढ्यावरच ठरवू नका. मिन्यात तपकिरी चमचमती कणी दिसली तर जपानकडे झुकतं माप द्या. मग टॉर्च घेऊन आत बघा, विसाव्या शतकातल्या चिनी फुलदाण्या आतून बहुधा साध्या फिरोजी निळ्या असतात, जपानी बऱ्याचदा संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत.

विकत घेताना कोणी जपानी फुलदाणी 'तीनशे वर्षं जुनी' म्हणालं तर सरळ पुढच्या दुकानात जा, कारण नागोयाजवळच्या काजी त्सुनेकिची यांनी परदेशी वस्तू सोडवून बघत हे तंत्र शिकून घेतलं तेच १८३० च्या दशकात, त्याआधी तिथे तलवारीच्या मुठीचे भाग, दारांच्या कड्या असलं छोटंच काम व्हायचं. टवका उडालेल्या जागी लाख किंवा रेझिन भरलेलं असतं, तिथे काचेची चमक नसते, टॉर्च तिरका धरला की लगेच कळतं.

आणि प्लीज, चिंच, लिंबू, पितळ चमकवायची पावडर अजिबात लावू नका, तारांवरचा सोन्याचा मुलामा निघून जातो आणि तो परत येत नाही. मऊ कोरडं कापड पुरे.