‘हीलिंग’ला मराठीत शब्द नाही, असे कोणी सांगितले?

‘हीलिंगला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, आणि इतर भाषांत काय म्हणतात?’ असे आपण विचारले आहे आणि मराठीत असा शब्दच नसावा, अशी शंकाही जोडली आहे. आधी शंकेचे उत्तर देते, कारण ती साफ चुकीची आहे. मराठी माणूस काय दुखते आहे ते पाहून क्रियापद निवडतो. ताप उतरतो, सूज ओसरते, हाड सांधते, जखम भरून येते, औषधाचा गुण येतो आणि रोगी खडखडीत बरा होतो. इंग्रजीतही जखम, रोग आणि रोगी यांच्यासाठी क्रियापदे वेगळीच आहेत. तिला मात्र कोणी दरिद्री म्हणत नाही.

मी सोलापुरात शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते. तिथे एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रुग्ण शेजारी शेजारी असत. जखम भरली की तेलुगू घरातली बाई ‘पुंडु मानिंदि’ म्हणे, अक्कलकोटकडचा कन्नड माणूस ‘गाय मायितु’ म्हणे, आणि उर्दूत ‘ज़ख़्म भर गया’ असे ऐकू येई. आजार हटला तर कन्नडमध्ये ‘गुण आयितु’ म्हणतात, तमिळमध्येही ‘गुणम्’ आहेच, आणि आपला ‘गुण येणे’ त्याच घरातला आहे. गुजरातीत जखमेला ‘रूझ’ येते आणि दुखणे ‘मटते’. म्हणजे जखमेला एक शब्द आणि आजाराला दुसरा, हा भेद आपल्या शेजारीपाजारीही पाळला जातो.

हा भेद न पाळल्याने काय होते, ते मी पाहिले आहे. मधुमेहाच्या रुग्णांना पायाच्या जखमेची काळजी समजावणारे एक पत्रक आमच्याकडे तयार होत होते. ‘जखम तळापासून भरून वर येईपर्यंत ड्रेसिंग चालू ठेवावे’, असे मी सुचवले होते. समितीतील एका अधिकाऱ्यांना ते गावंढळ वाटले. त्यांनी ‘व्रणाचा उपशम होईपर्यंत’ असे लिहिले, आणि तेही कोणाला कळेना म्हणून छापताना कंसात ‘बरे वाटेपर्यंत’ असे घातले. मधुमेहात पायाच्या नसा अनेकदा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे जखम असूनही दुखत नाही आणि रुग्णाला बरेच वाटत असते. पुढे यंत्रमागावर काम करणारा एक गृहस्थ ते पत्रक घडी करून खिशात ठेवून आला. अंगठ्याखाली वर पातळ कातडी धरली होती. गॉजने हलके दाबताच कडेने पू आला आणि चिमटा आत हाडापर्यंत गेला. “सिस्टर, मला तर बरं वाटत होतं, म्हणून पट्टी बंद केली,” असे तो म्हणाला. त्याचा अंगठा काढावा लागला.

‘उपशम’ हा शब्द संस्कृत आहे म्हणून शास्त्रीय ठरतो, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. शमन म्हणजे शांत होणे, ओसरणे. सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदातील शस्त्रक्रियेच्या प्राचीन ग्रंथात, व्रणाचे म्हणजे जखमेचे जे 60 उपक्रम (उपचार) सांगितले आहेत, त्यांत शोधन आणि रोपण असे शब्द आहेत. आधी जखम स्वच्छ करायची आणि मग ती भरून आणायची. ‘तळापासून भरून येणे’ हे माझे गावंढळ मराठी त्या रोपणाच्याच जवळचे आहे.

युरोपातील भाषांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर इंग्रजी ‘हील’ आणि जर्मन ‘हाइलन’ यांच्या मुळाशी अखंड, धड असणे हा अर्थ आहे, तर ‘क्युअर’ लॅटिनमधील काळजी घेणे या अर्थाच्या शब्दापासून आला. गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात. त्यातला ‘बरें’ आणि आपला ‘बरा होणे’ यांतील ‘बरा’ एकच.

आपल्याला मनाच्या दुःखाबद्दलचे हीलिंग अभिप्रेत असेल, तर माझे वरचे बरेचसे विवेचन लागू पडणार नाही. तिथे ‘सावरणे’ हा शब्द मला योग्य वाटतो. मात्र रुग्णासाठी काही लिहिणार असाल, तर जखमेबद्दल ‘भरून येणे’ असेच लिहा, आणि भरली की नाही हे रुग्णाने स्वतः न ठरवता डॉक्टरांना दाखवावे, हेही त्याच वाक्यात घाला. कोणी ‘उपशम’ सुचवलाच, तर त्यांच्यापुढे सुश्रुतसंहितेतला ‘चिकित्सास्थान’ हा उपचारांचा विभाग उघडून ठेवा.