टॉर, म्हणजे इंटरनेटवर ओळख लपवणारं सॉफ्टवेअर, फोडता येत नाही म्हणतात, मग डार्कनेटवरचे (अशा सॉफ्टवेअरनेच उघडणाऱ्या इंटरनेटच्या लपलेल्या भागातले) बेकायदा बाजार पोलिसांच्या हाती लागतात कसे?

बहुतेक वेळा टॉर फुटत नाही, बाजार चालवणारा माणूस चुकतो. अमेरिकेतल्या खटल्यांच्या खुल्या कागदपत्रांत हे स्पष्ट दिसतं. २०११ मध्ये सुरू झालेल्या सिल्क रोड या अमली पदार्थांच्या बाजाराचा चालक रॉस उल्ब्रिक्ट सुरुवातीच्या दिवसांत स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता जाहीरपणे देऊन बसला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात लॅपटॉप उघडा असतानाच त्याला धरलं. अल्फाबे या दुसऱ्या बाजाराचंही तसंच. नव्या सदस्यांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये चालकाचा खासगी ईमेल पत्ता राहून गेला. जुलै २०१७ मध्ये अल्फाबे बंद पडल्यावर ग्राहक आणि विक्रेते हान्सा नावाच्या बाजाराकडे धावले, आणि हान्सा तेव्हा डच पोलीसच चालवत होते, तेही जवळपास महिनाभर! मला ही कामगिरी सगळ्यांत मोठी वाटते, कारण तिने त्या बाजारांवरचा विश्वासच मोडला. काही बाजार तर चालकांनीच बुडवले: मार्च २०१५ मध्ये इव्होल्यूशन या बाजाराचे चालक लोकांचे ठेवलेले बिटकॉइन घेऊन पळाले.

मात्र एक बाजार बंद झाला म्हणजे धंदा संपला असं नाही, विक्रेते दुसरीकडे दुकान मांडतात. आपल्याकडचंही सांगते, माल शेवटी पार्सलनेच येतो. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात एनसीबीने (केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने) अशी पार्सलं पकडली आहेत, आणि एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली फक्त विकणारा नाही, मागवणाराही आरोपी होतो.